कृष्णेचे पाणी : आधी मोजणी, मग वाटणी

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांत 'टीएमसी' हा शब्द रोज दिसू लागतो. कोयनेत इतके टीएमसी, उजनीत इतके, अलमट्टीतून इतक्या क्युसेकचा विसर्ग. पावसाळा संपतो न संपतो तोच दुसऱ्या बातम्या सुरू होतात. या राज्याने आमच्या वाट्याचे पाणी अडवले, त्या राज्याने वाट्यापेक्षा जास्त वापरले. मोठी माणसे यावर तावातावाने बोलतात. पण वाटा म्हणजे नेमके काय, तो कशाचा काढला आणि कोणी काढला, असे विचारले तर बहुतेकांची गाडी अडते. आकडा तोंडपाठ असतो, पण तो कुठून आला हे ठाऊक नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कृष्णेच्या पाण्याचा तंटा जितका पाण्याचा आहे, तितकाच तो आकड्यांचा आहे. नदी दरवर्षी वेगवेगळे पाणी आणते आणि आपण मात्र ठरावीक आकडे वाटून बसलो आहोत. वाटायचे असेल तर आलेल्या पाण्यातला हिस्सा वाटावा, आणि त्यासाठी आधी सर्वांना मान्य होईल अशी मोजणी असावी. हे पटवून घेण्यासाठी कायदा शिकावा लागत नाही. शाळेतले गणित आणि थोडे पदार्थविज्ञान पुरते.

नदी आणि तिचे खोरे

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र अवघा ६५ किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये सह्याद्रीची भिंत! म्हणून ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. कोयना, वारणा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा, भीमा, तुंगभद्रा, मुसी अशा नद्या तिला येऊन मिळतात. या सर्व नद्यांकडे ज्या ज्या जमिनीवरचे पाणी उतरते ती सगळी जमीन म्हणजे कृष्णेचे खोरे. त्याचे क्षेत्रफळ २,५८,९४८ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी ६९,४२५ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात, १,१३,२७१ कर्नाटकात आणि उरलेले ७६,२५२ पूर्वीच्या अखंड आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगण व आंध्र प्रदेशात येते.

या खोऱ्यात पाऊस सारखा पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही दूर नसलेल्या म्हसवडच्या परिसरात तो पाचशेच्या आसपास असतो. ढग डोंगर चढताना थंड होतात आणि रिकामे होतात. डोंगर उतरताना हवा तापते आणि कोरडी होते. हीच पर्जन्यछाया. नदीत पाणी येते ते मुख्यतः घाटमाथ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यातून, आणि त्याची गरज असते ती पूर्वेच्या विस्तीर्ण कोरड्या पठाराला. तंट्याचे मूळ या भूगोलातच आहे.

टीएमसी म्हणजे किती?

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. मेट्रिक मापात सांगायचे तर सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही, म्हणून थोडे हिशेब करू.

माणशी रोज १०० लिटर पाणी धरले तर वर्षाला साडेछत्तीस घनमीटर लागतात. म्हणजे एक टीएमसी पाणी पावणेआठ लाख माणसांना वर्षभर पुरेल. तेच पाणी उसाला दिले आणि उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले, तर सुमारे १४०० हेक्टर ऊस भिजेल. ज्वारीला अर्धा मीटर धरले तर तेवढेच पाणी ५६०० हेक्टरांना पुरेल.

क्युसेक हे वेगाचे माप आहे, म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. तेव्हा ११,५७४ क्युसेकचा प्रवाह दिवसभर वाहिला की एक टीएमसी पाणी गेले. पुराच्या दिवसांत '५ लाख क्युसेक' असे वाचाल तेव्हा लगेच मनात भागाकार करा. दिवसाला ४३ टीएमसी!

आणखी एक हिशेब. संपूर्ण कृष्णा खोऱ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी पडते? उत्तर येते सुमारे ९ टीएमसी. अर्थात ते सगळे नदीत येत नाही. बरेचसे जमिनीत मुरते, बरेचसे वाफ होऊन परत जाते.

२०६० हा आकडा कसा आला?

राज्याराज्यांतील नद्यांचे तंटे सोडवण्यासाठी १९५६ साली संसदेने कायदा केला. त्यानुसार १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणी तंटा लवाद नेमला गेला. लवादाने १९७३ साली निर्णय दिला आणि १९७६ साली त्यावरचा पुढील अहवाल दिला. कृष्णेत वाटण्याजोगे पाणी २०६० टीएमसी आहे असे धरण्यात आले. त्यातले महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० मिळाले. शेताला दिलेल्या पाण्यातले काही झिरपून पुन्हा नदीत येते. ते टप्प्याटप्प्याने धरून पुढे हे आकडे ५८५, ७३४ आणि ८११ झाले.

२०६० ही कृष्णेची सरासरी आहे का? नाही! इथेच बहुतेक जण चुकतात. आपण क्रिकेटचे उदाहरण घेऊ.

एका फलंदाजाच्या बारा डावांतील धावा उतरत्या क्रमाने अशा आहेत असे मानू या : १४१, १०२, ६४, ५०, ३८, ३१, २८, २४, १८, ६, २, ०. बेरीज ५०४, सरासरी ४२. आता कप्तानाने 'हा आपल्याला ४२ धावा देईलच' असे धरून चालावे का? मोजून पाहा. बारापैकी फक्त चार डावांत त्याने ४२ ओलांडल्या आहेत. दोन मोठ्या खेळींनी सरासरी फुगली आहे. मग चारपैकी तीन वेळा भरवसा ठेवता येईल असा आकडा कोणता? बारापैकी नऊ डावांत त्याने १८ किंवा त्याहून जास्त धावा केल्या आहेत. म्हणून ७५ टक्के विश्वासार्हतेच्या धावा १८. भरवसा थोडा सैल करून तीनपैकी दोन वेळा इतका धरला तर आकडा २४ होतो. फलंदाज तोच, डावही तेच. प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदलले.

नदीचेही तसेच आहे. बच्छावत लवादापुढे विजयवाड्याच्या १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या नोंदी होत्या. त्या उतरत्या क्रमाने मांडल्या तर ज्या आकड्याइतके किंवा त्याहून जास्त पाणी चारपैकी तीन वर्षे येते, तो आकडा २०६० ठरला आणि तिन्ही राज्यांनी तो मान्य केला. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. चारपैकी एका वर्षी इतके पाणी येणार नाही, हे वाटणीच्या दिवशीच ठाऊक होते.

दुसरा लवाद, दुसरा आकडा

बच्छावत निवाड्याचा ३१ मे २००० नंतर फेरविचार करता येईल असे ठरलेले होते. २००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा लवाद नेमला गेला आणि त्याने २०१० व २०१३ साली आपले निर्णय दिले. या लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांच्या नोंदी घेतल्या. ६५ टक्के विश्वासार्हतेने २२९३ टीएमसी आणि सरासरीने २५७८ टीएमसी असे आकडे काढले आणि सरासरीपर्यंतचे सर्व पाणी वाटून टाकले. महाराष्ट्र ६६६, कर्नाटक ९०७, आंध्र प्रदेश १००५. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ मधील आदेशामुळे हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध होऊन अंमलात आलेला नाही. मध्यंतरी २०१४ साली तेलंगण राज्य झाले, आणि त्या दोन राज्यांतील वाटणीचे कामही २०२३ साली याच लवादाकडे सोपवण्यात आले.

२०६० चे २५७८ झाले, म्हणून कृष्णा काही पाचशे टीएमसींनी वाढली नाही. वेगळ्या वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि वेगळा प्रश्न विचारला. प्रत्येक राज्याच्या हाती पूर्वीपेक्षा मोठा आकडा पडला. पण वाटलेला आकडा जितका मोठा, तितकी तुटीची वर्षे जास्त. लवादालाही याची जाणीव होती, म्हणून त्याने पाण्याचे थर पाडले : आधी ७५ टक्क्यांचे, मग ६५ टक्क्यांचे, मग उरलेले. लोकांच्या लक्षात मात्र थर राहत नाहीत, फक्त बेरीज राहते. कावेरीच्या वाटपात धरलेले ७४० टीएमसी तर ५० टक्के विश्वासार्हतेचे आहेत. म्हणजे दोनपैकी एक वर्ष तुटीचे! तिथे दुष्काळी वर्षी दोन राज्ये समोरासमोर उभी राहतात याचे नवल ते काय?

हा घोळ आपल्याच देशात होतो असे नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीचे दीड कोटी एकर-फूट, म्हणजे सुमारे ६५३ टीएमसी पाणी १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या राज्यांत निम्मे निम्मे वाटले गेले. त्याआधीची थोडी वर्षे चांगल्या पाण्याची होती. पुढे जुन्या झाडांच्या वलयांवरून शेकडो वर्षांचा प्रवाह अजमावला, तेव्हा कळले की नदीत इतके पाणी सहसा नसतेच. २०२१ साली खालच्या राज्यांसाठी तुटीची अधिकृत घोषणा करावी लागली.

तूट कोणाच्या माथी?

आता खरा प्रश्न. तुटीच्या वर्षी काय करायचे? मानू या की एखाद्या वर्षी २०६० ऐवजी १६४८ टीएमसी, म्हणजे ८० टक्केच पाणी आले. वरच्या दोन राज्यांच्या धरणांत आपापला ठरलेला आकडा भरला, ५६० आणि ७००. खाली उरले ३८८. ज्याचा वाटा ८०० चा, त्याला निम्मेही नाही. धरण वर असेल तर तूट आपोआप खाली ढकलली जाते. उलट भरपूर पावसाच्या वर्षी जास्तीचे पाणीही खालीच जाते. बच्छावत लवादाने हे जाणूनच खालच्या राज्याला जास्तीचे पाणी वापरण्याची मोकळीक दिली, पण त्यावर हक्क दिला नाही, आणि वाईट वर्षांसाठी श्रीशैलम व नागार्जुनसागर येथे १५० टीएमसी राखून ठेवण्याची मुभा दिली.

हिस्सा वाटला असता तर? १६४८ चे त्याच प्रमाणात वाटे केले तर ४४८, ५६० आणि ६४० येतात. प्रत्येकाला वीस टक्के कमी. कोणी सुखी नाही, पण कोणी उघड्यावरही पडले नाही. यात महाराष्ट्राला ११२ टीएमसी सोडावे लागतात, हे मला दिसते आहे. आपल्यापैकी अनेकांना ते रुचणार नाही. पण भरपूर पावसाच्या वर्षी वाढाव्यात हक्काचा वाटा मागायचा असेल, तर तुटीत वाटा उचलायला नको का? एकत्र कुटुंबात भाकरी कमी पडली तर मोठ्याने पोटभर खावे आणि धाकट्याने उपाशी राहावे, याला कोणी न्याय म्हणत नाही.

ही कल्पना माझी नव्हे. बच्छावत लवादानेच १९७३ साली दुसरी एक योजना मांडली होती. पाणी कमी आले तर तूट वाटायची, जास्त आले तर वाढावा वाटायचा, आणि हे सर्व पाहायला साऱ्या खोऱ्याचे एक प्राधिकरण असायचे. पण त्यासाठी राज्यांची संमती किंवा संसदेचा कायदा हवा होता. दोन्ही झाले नाही आणि योजना कागदावर राहिली. माझ्या मते त्या निवाड्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग नेमका तोच होता.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. दरवर्षी वाटा बदलणार असेल तर धरणे, कालवे आणि शेतकऱ्याचे पीक यांचे नियोजन कसे करायचे? खरे आहे. पण ठरावीक आकडा कागदावर असला म्हणून आकाशातून तेवढे पाणी पडत नाही. बदल आजही होतोच, फक्त तो आधी कळत नाही. नियम ठरलेला असेल तर ऑगस्टच्या शेवटी धरणांकडे पाहून रब्बीला किती पाणी मिळेल याचा अंदाज शेतकऱ्याला देता येईल. अनिश्चितता नाहीशी करता येत नाही, मोजता मात्र येते. आणि जे मोजता येते त्याची तयारी करता येते.

मोजणी कोणाची?

नदीचा प्रवाह मोजतात कसा? पात्राचा आडवा छेद काढतात, ठिकठिकाणी पाण्याचा वेग मोजतात आणि क्षेत्रफळाला वेगाने गुणतात. मग पाण्याची उंची आणि प्रवाह यांचा आलेख करून ठेवतात. रोज फक्त उंची वाचायची आणि आलेखावरून प्रवाह काढायचा. पुरात पात्राचा तळ खरवडला जातो, गाळ साचतो आणि आलेख बिघडतो. पाच टक्के चूक होणे अगदी शक्य आहे. आता २०६० चे पाच टक्के काढा. १०३ टीएमसी! कोयना धरणाची साठवणक्षमता १०५ टीएमसी आहे. म्हणजे मोजमापाच्या साध्या चुकीत एक अख्खे कोयना धरण बुडून जाते. आणि तंटे तर पाच-दहा टीएमसींवरून होतात.

म्हणून सर्व राज्यांची मोजमापे एकाच पद्धतीने, सर्वांसमक्ष व्हावीत आणि रोज सर्वांना पाहता यावीत. पुराचेही तेच. २००५ आणि २०१९ साली सांगली-कोल्हापूरला महापुराने वेढले तेव्हा अलमट्टीच्या फुगवट्याने पूर वाढला का, यावर मोठा वाद झाला. धरणाची पातळी अमुक असताना वर किती अंतरापर्यंत पाणी किती चढते, हे पात्राचा उतार, छेद आणि प्रवाह यांवरून काढता येते. हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे. घोषणांनी तो सुटत नाही. दोन्ही बाजूंनी एकाच नोंदवहीतले आकडे घेतले तरच तो सुटेल.

आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपले घरही मोजू. कोयनेचे ६७.५ टीएमसी आणि भीमेच्या उपखोऱ्यातील टाटांच्या धरणांचे ४२.६ टीएमसी पाणी वीज करण्यासाठी सह्याद्रीच्या पश्चिमेला सोडण्याची मर्यादा पहिल्या लवादाने घातली. एक टीएमसी पाणी ५०० मीटर खाली सोडले तर वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराने जी ऊर्जा येते, तिच्यातून यंत्रांतील घट वजा जाता सुमारे साडेतीन कोटी युनिट वीज मिळते. ती मोलाची आहे, विशेषतः संध्याकाळी मागणी अचानक वाढते तेव्हा. पण वीज इतर मार्गांनीही करता येते, आटपाडी-जतच्या शेतात मात्र पाणीच लागते. खोऱ्याबाहेर गेलेला थेंब खोऱ्यात परत येत नाही. तसेच राज्याच्या वाट्यातला किती भाग उसाला आणि किती ज्वारी-डाळींना, हा हिशेबही कर्नाटकाला विचारून करायचा नाही. तो आपणच करायचा आहे.

तुमच्या हातून होण्याजोगे

शिक्षक मित्रांना एक सूचना. सांख्यिकी शिकवताना काल्पनिक गुणांच्या सरासरीऐवजी आपल्या तालुक्याच्या पावसाचे गेल्या तीस वर्षांचे आकडे मिळवा. मुलांना ते उतरत्या क्रमाने लावू द्या, सरासरी आणि ७५ टक्के विश्वासार्हतेचा पाऊस काढू द्या. दोन्हींतले अंतर पाहून मुले चकित होतील.

विद्यार्थ्यांनी हिवाळ्यात, पाणी घोट्याइतके असताना आणि शिक्षक बरोबर असताना, गावच्या ओढ्याचा प्रवाह मोजावा. सरळ वाहणारा दहा मीटरचा भाग निवडा. संत्रे किंवा लाकडाचा तुकडा पाण्यात सोडून तेवढे अंतर जायला किती सेकंद लागतात ते पाहा. पृष्ठभागावरचा वेग सरासरी वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. रुंदी आणि सरासरी खोली यांच्या गुणाकाराने पुन्हा गुणा, की प्रवाह मिळेल. मग वर्गाच्या चार गटांनी हेच काम स्वतंत्रपणे करावे आणि उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.

चारही उत्तरे वेगळी येतील. त्या वेळी कोणाचे खरे यावर भांडू नका. फरक का पडला ते शोधा, सर्वांनी मिळून पुन्हा मोजा आणि एका आकड्यावर या. कृष्णाकाठच्या चार राज्यांना हेच करायचे आहे.